रोटरी इंजिन '१.३ लिटर'चं, मग अ‍ॅव्हरेज इतकं कमी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मझदा आरएक्स-८ चं इंजिन जेमतेम १.३ लिटरचं असून ती पेट्रोल एवढं का पिते, आणि जुनी घेतली तर लिटरला किती किलोमीटर धरायचे.

आधी तो १.३ लिटरचा आकडा डोक्यातून काढा. रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, आणि त्याबद्दलच्या निम्म्या वादांचं मूळ तोच आकडा आहे. आरएक्स-८ च्या १३बी इंजिनात रोटरची त्रिज्या १०५ मिमी, शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून जेवढं सरकलेलं ते अंतर) १५ मिमी आणि रोटरची रुंदी ८० मिमी. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ५.१९६ नं गुणलं की ६५४ सीसी येतात. हे झालं रोटरच्या एका बाजूचं माप. दोन रोटर, म्हणून १३०८. पण रोटरला बाजू तीन असतात आणि त्याच्या एका फेरीत एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेऱ्या मारतो, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एकदा पेटतो. फोर-स्ट्रोक पिस्टन इंजिनात तेच काम दोन फेऱ्यांत एकदा होतं. थोडक्यात, १३बी श्वास घेते २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाएवढा. जपानमध्ये गाडीवरचा कर ठरवतानाही रोटरीचे सीसी दीडपट धरतात. १.३ लिटरच्या हॅचबॅकशी तुलना करून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

तरीही २.६ लिटरच्या चांगल्या पिस्टन इंजिनापेक्षा रोटरी जास्तच पिते, हे मान्य. त्याचं कारण जळण्याच्या जागेचा आकार. पिस्टनवरची जागा आटोपशीर असते. रोटरीतली लांबट, चपटी आणि सतत पुढे सरकणारी. आकारमानाच्या मानानं धातूचा पृष्ठभाग खूप, त्यामुळे उष्णता भिंतींत जिरते आणि कडेच्या फटींतलं मिश्रण विझतं. ज्योतीला इतक्या लांब धावता येत नाही, म्हणून प्रत्येक रोटरला लीडिंग (पुढचा) आणि ट्रेलिंग (मागचा) असे दोन स्पार्क प्लग. १९९१ साली ल माँची शर्यत जिंकलेल्या मझदाच्या ७८७बी या गाडीच्या चार रोटरच्या इंजिनात तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते. ती शर्यत मोजून दिलेल्या इंधनात पुरी करायची होती, तेव्हा तिसरा प्लग शोभेसाठी नव्हता. भरीला, शाफ्ट सावकाश फिरत असताना रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सील आणि सपाट अंगांवरच्या साइड सीलमधून गळायला वायूला जास्त वेळ मिळतो. म्हणून कमी आरपीएमवर या इंजिनाची अवस्था सगळ्यात वाईट असते.

आता आकडे. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या सुधारित मोजणीत मॅन्युअल आरएक्स-८ ला शहरात १६, हायवेला २२ आणि एकत्रित १८ मैल प्रति गॅलन मिळाले. म्हणजे लिटरला अनुक्रमे ६.८, ९.४ आणि ७.७ किमी. निरोगी गाडी एवढंच देते. यापेक्षा फार जास्तीचा दावा कुणी करत असेल, तर त्यानं मोजलेलं नाही. डॅशबोर्डवर किंवा अंदाजावर जाऊ नका. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. असं सलग तीन टाक्या केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. आरएक्स-८ चं अ‍ॅव्हरेज साडेसातवरून साडेपाचवर आलं की चार जण हमखास म्हणतात, 'रोटरी आहे, पिणारच.' या एका वाक्यानं जेवढी इंजिनं खाल्ली, तेवढी शर्यतींनीही खाल्ली नसतील. जास्त पिणं हा रोटरीचा स्वभाव आहे. पिणं वाढणं हा आजार आहे, आणि तो बहुतेक वेळा प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलपासून सुरू होतो.

आरएक्स-८ ला चार कॉइल, दर प्लगला एक. पिस्टन गाडीत प्लगवर बसणारी कॉइल दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी देते, इथे दर फेरीला. ९,००० आरपीएमला मिनिटाला ९,००० ठिणग्या, दुप्पट काम, तेही इंजिनाच्या उष्णतेत. ४०-५० हजार किलोमीटरला कॉइल दमते. लीडिंगची दमली तर गाडी झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागतो, मालक गॅरेज गाठतो. ट्रेलिंगची दमली तर मात्र गाडी चालतच राहते, कारण मुख्य जळण लीडिंग प्लग करतो. फक्त मागचं मिश्रण अर्धवट जळून बाहेर पडतं. त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही जातो. समोरच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणखी पेट्रोल ओतायला लागतो.

ते कच्चं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी वितळते, एक्झॉस्ट तुंबतं. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आहेत, त्यामुळे कोंडलेली उष्णता थेट साइड सील, कॉर्नर सील आणि त्यांच्या स्प्रिंगांवर येते. स्प्रिंगा मेल्या की कॉम्प्रेशन पडतं, आणि एक दिवस तापलेली गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. चार कॉइलचं काम लांबवलं आणि इंजिन उघडायची वेळ आली.

म्हणून अ‍ॅव्हरेज १५ टक्क्यांच्या वर घसरलं की याच क्रमानं जा. चारही कॉइल एकदम बदला, एकेक नको. सोबत वायर आणि प्लग. खालचा प्लग लीडिंगचा, एनजीके आरई७सी-एल. वरचा ट्रेलिंगचा, आरई९बी-टी. वायरींची अदलाबदल करू नका, इंजिन तरीही चालतं आणि चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. मग आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर त्याच्याच क्लीनरनं धुवा, कार्ब क्लीनरनं नव्हे. ओबीडी स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो, ते बघा. अधिक-उणे ५ च्या आत असेल तर ठीक, अधिक १० च्या पुढे असेल तर इनटेकला कुठेतरी हवा गळतेय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर रबरी हातोडीनं हलकं ठोका. आत खडखडलं तर जाळी गेली. खात्री हवी तर समोरचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा.

चालवण्यात वाचतं ते मुख्यतः थंड फेऱ्या टाळून. थंड इंजिनात मिश्रण दाट असतं, आणि दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की सगळा तोटाच. गॅरेजमधून काढून लगेच बंद करणं तर नकोच. प्लग ओले होऊन इंजिन फ्लड होतं. झालंच तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून क्रँक करा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात. सहाव्या गिअरात २,००० च्या खाली ओढत नेऊन काही वाचत नाही, गळती वाढते. इंजिन पूर्ण तापल्यावर अधूनमधून रेडलाइनपर्यंत न्या. कार्बन निघतो, सील मोकळे राहतात. अ‍ॅव्हरेज त्यानं वाढत नाही, टिकतं.

ऑइल कमी होतं म्हणून मीटरिंग पंप बंद करायचा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. एपेक्स सीलला वंगण तोच पंप देतो. एक टाकी आड डिपस्टिक बघायची सवय लावा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल लिटरला ५ मिलीच्या आसपास मिसळणं चांगलं, पण ते सीलसाठी, अ‍ॅव्हरेजसाठी नाही.

आणखी दोन गोष्टी. वर लिहिलेलं टर्बो नसलेल्या आरएक्स-८ पुरतं आहे. १३बी-आरईडब्ल्यू असलेली टर्बो आरएक्स-७ बूस्टमध्ये (टर्बोचा दाब चढल्यावर) मुद्दाम दाट मिश्रणावर चालते, कारण नॉकिंगचा (मिश्रण अवेळी भडकण्याचा) एक फटका एपेक्स सील तोडायला पुरतो. अ‍ॅव्हरेजसाठी तिचं मिश्रण पातळ करू नका.

आणि जुनी घेताना अ‍ॅव्हरेज विचारण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. साधा गेज चालत नाही, तो तीन बाजूंपैकी सर्वांत जास्तीचा एकच आकडा दाखवतो. रोटरीचा टेस्टर लागतो, जो प्रत्येक रोटरचे तीन आकडे वेगळे देतो. इंजिन तापलेलं, बॅटरी पूर्ण चार्ज, थ्रॉटल उघडा. २५० आरपीएमला नव्या इंजिनाचं प्रमाण ८३० किलोपास्कल, किमान ६८०. एका रोटरच्या तीन बाजूंत १५० पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त नको. स्टार्टर जोरात फिरला की आकडे फुगतात, म्हणून २५० आरपीएमला रूपांतर केलेले सहाही आकडे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. नुसतं 'कॉम्प्रेशन मस्त आहे' एवढ्यावर व्यवहार करू नका.