टीव्हीच्या चॅनल गाईडचा मेनू डिझाईन करताना सगळ्यात आधी काय बघायचं?

आधी फोकस बघा, म्हणजे आपण आत्ता कुठल्या चौकटीवर आहोत हे सोफ्यावरून एका नजरेत कळलं पाहिजे, कारण इथे माउस नाही की टच नाही, मेनूत फिरायला फक्त रिमोटचे चार बाण आणि ओके. मी सेट-टॉप बॉक्सचे मेनू करते, आईच्या हातात रिमोट दिला तर बारीक बॉर्डर तिला दिसलीच नाही, चौकट पूर्ण पिवळी केली तेव्हा पटकन सापडली. काही टीव्ही कडा कापतात, म्हणून १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर ५% जागा, म्हणजे बाजूंना ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल, मोकळी सोडा. फक्त ज्यांना नंबर पाठ असतात त्यांना मेनू नकोच असतो, त्यांनी आकडे दाबले की थेट चॅनल लागू द्या.