दोघंही स्पष्टच बोलतो, तरी कमी ऐकू येणाऱ्या आजीला ताईचं कळतं आणि माझं नाही. असं का?

कारण ‘स्पष्ट बोल’ म्हटल्यावर प्रत्येक जण वेगळंच काहीतरी करतो. 1985 साली मायकेल पिचेनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुद्दाम स्पष्ट उच्चारलेली वाक्यं कमी ऐकू येणाऱ्यांना बरीच जास्त कळतात. तिथे बोलणारे मात्र मोजकेच होते. 2004 मध्ये सारा फर्ग्युसन यांनी 41 जणांचे मुद्दाम स्पष्ट बोलतानाचे स्वर (‘आ’, ‘ई’ वगैरे) किती कळतात ते तपासलं, तेव्हा काहींचे खूप सुधारलेले निघाले, काहींचे जेमतेम, आणि काहींचे चक्क बिघडलेले! माझ्या मते या विषयातली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

कुणी वेग कमी करतं, कुणी आवाज चढवतं, कुणी जबडा नीट उघडून ‘आ’ आणि ‘ई’ एकमेकांपासून लांब नेतं. नुसतं हळू बोलून भागतंच असं नाही; क्राउस आणि ब्रायडा यांच्या 2002 च्या प्रयोगात सराव केलेले लोक नेहमीच्या वेगातही स्पष्ट बोलू शकले.

तेव्हा आजीशी कृपा करून ओरडून बोलू नका. ‘भात’ आणि ‘भाग’ यांत फरक शेवटच्या व्यंजनाचाच, ते गिळू नका. मध्ये जरा थांबा, आणि तोंड तिला दिसेल असे बसा.