रोज कमरेला बाळगायला निर्भीक, अशनी की जुनं वाल्थर?

तुमचा प्रश्न वाचला. शस्त्राचा परवाना मंजूर झालाय, घर ठाण्यात घोडबंदर रोडला, दुकान जांभळी नाक्याजवळ, आणि माल घेऊन अधूनमधून ऐरोलीला जावं लागतं. निर्भीक रिव्हॉल्व्हर घ्यावं, अशनी पिस्तूल घ्यावं की ओळखीतल्या एकाकडचं जुनं जर्मन पिस्तूल, वाल्थर पीपीके, एवढंच तुम्ही विचारलंत. पण खाली जाताजाता लिहिलंत की परवान्यावर नुसतं ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिलंय, त्याने काय बिघडतं? खूप बिघडतं. मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच, म्हणून आधी त्यावर लिहितो, बंदुकांवर नंतर येतो.

मी वकील नाही. कायद्याचं जे लिहितोय ते शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून खात्री करून घ्या. तोंडी उत्तराला काही किंमत नसते.

परवान्यावर दोन रकाने असतात जे मंजुरीच्या आनंदात कोणी वाचत नाही. पहिला शस्त्राच्या प्रकाराचा. तिथे ‘रिव्हॉल्व्हर’ असेल तर अशनी आणि पीपीके दोन्ही बाद, कारण ती पिस्तुलं आहेत (रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या सिलिंडरमध्ये असतात, पिस्तुलात मॅगझिनमध्ये). विक्रेता प्रामाणिक असेल तर विकणारच नाही. ‘रिव्हॉल्व्हर/पिस्तूल’ असं हवं असेल तर खरेदीच्या आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. खरेदीला मुदत असते, आणि दुरुस्तीची फाईल फिरत असताना ती मुदत उलटली तर मुदतवाढीचा आणखी एक अर्ज. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) माझ्या अर्जातला प्रकार एक आणि परवान्याच्या पुस्तिकेवर दुसराच लिहिला, मग ती चूक आपली नाहीच म्हणून या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत राहिले. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली अर्जाची प्रत हातात होती म्हणून काम झालं. प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कारकून वैतागला तरी चालेल.

दुसरा रकाना हद्दीचा. आपल्याकडे हे प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही इतकं विचित्र आहे. ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द विटाव्यापर्यंत, दिघ्यात शिरलात की नवी मुंबई आयुक्तालय. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई. आणि घोडबंदर रोडने गायमुखच्या पुढे काशीमिऱ्याकडे गेलात तर मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. तुम्ही ऐरोलीला कळव्यावरून जा किंवा मुलुंडच्या पुलावरून, हद्द बदलतेच. परवान्यावर ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर चिंता नाही. फक्त ठाणे आयुक्तालयाची हद्द असेल, तर ऐरोलीत कमरेला असलेलं तेच शस्त्र विनापरवाना धरलं जाऊ शकतं. तपासणीत ‘साहेब, पंधरा मिनिटांचं अंतर आहे’ हे कोणी ऐकत नाही. दोन्ही रकान्यांसाठी एकच अर्ज करा, ऐरोलीतल्या व्यवहाराचे पुरावे जोडा. उद्या घर ऐरोलीला किंवा खारघरला हलवलं तर तीस दिवसांत नव्या हद्दीत कळवायचं, तेही लेखी.

आता पीपीकेचं. परवाना दुरुस्त झाला तरी खाजगी व्यक्तीकडून घेताना विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. ‘आधी घेऊन जा, कागद नंतर’ असं म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असो, नको म्हणा. दुसरं असं की हे पिस्तूल आपल्या कुणाहीपेक्षा वयस्कर असू शकतं. स्प्रिंगा थकलेल्या असतात, मॅगझिनचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. लाखो रुपये नावाला द्यायचे, आणि रोजच्या कामाला ज्याचं मॅगझिन बदलता येत नाही असं हत्यार घ्यायचं, हे मला पटत नाही. संग्राहकासाठी ठीक.

परदेशी व्हिडिओ पाहून ग्लॉक 43 आणि सिग पी365 ची तुलना करत बसू नका. दोन्ही पिस्तुलं 9 मि.मी.ची, आणि तो आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. साध्या नागरिकाच्या हातात मुख्यतः .32 आणि .22 उरतं. तिकडचे होल्स्टरचे, हात कसा धरायचा त्याचे व्हिडिओ मात्र जरूर बघा.

निर्भीक कानपूरचं, 2014 मध्ये आलं. सहा गोळ्यांचं, .32 लाँग काडतुसाचं, वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास. वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या धाटणीचं, म्हणजे नळी पुढे मोडून उघडतं आणि सगळी टरफलं एकदम वर येतात. हलकं असल्यामुळे दिवसभर जाणवत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण चाप जड आणि लांब. दुकानात रिकाम्या चेंबरवर, समोर कोणी नसताना, मालकाच्या परवानगीने दहा वेळा दुहेरी ओढीने (घोडा आधी न खेचता) चाप ओढून बघा. सहाव्या-सातव्या ओढीला नळीचं टोक थरथरायला लागलं तर ते शस्त्र तुमच्या हाताचं नाही. घोडा आधी मागे खेचून नेम धरायचा, हे धांदलीत होत नाही. उघडझापीची खिटीही बघा. शर्टाचा धागा, धूळ अडकली की ती अर्धवट बसते आणि बाहेरून बंद दिसते. रोज अंगठ्याने दाबून खात्री करायची.

तुम्ही न विचारलेलं आणखी एक रिव्हॉल्व्हर म्हणजे प्रबल: 2023 चं, तेही कानपूरचं आणि त्याच काडतुसाचं. सुमारे सातशे ग्रॅम, नळी 76 मि.मी., एकूण लांबी 177.6 मि.मी. सिलिंडर बाजूला उघडतो. त्यामुळे ठेवण मजबूत वाटते आणि भरणं-काढणं सोपं. टरफलं काढताना नळी आकाशाकडे करून दांडा एका झटक्यात दाबा. हळू दाबलात तर टरफलाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या (टरफलं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली सरकते, सिलिंडर बंद होत नाही आणि नखाने उकरत बसावं लागतं. दोनशे ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण स्वस्त पट्ट्यावर संध्याकाळपर्यंत उजवी बाजू खाली ओघळते. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी प्रबल, पण चांगला पट्टा घेणार असाल तरच.

निडर हे रिव्हॉल्व्हर .22 चं, अडीचशे ग्रॅमचं, खिशात मावणारं. .22 च्या काडतुसात स्फोटक मसाला कडेत पसरलेला असतो, तो सगळीकडे सारखा नसतो, म्हणून न फुटण्याचं प्रमाण .32 पेक्षा जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस येतं, हे खरं. तरी एवढ्या मालाच्या जबाबदारीला मी ते सुचवणार नाही.

अशनी 7.65 मि.मी.चं, म्हणजे .32 एसीपी. पिस्तूल सपाट असतं, जाडी इंचाच्या आसपास, आणि शर्टाखाली रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरसारखा फुगवटा दिसत नाही. लपवण्यात ते निर्विवाद पुढे. पण या काडतुसाला अर्धी कड असते, म्हणजे बुडाशी जरा बाहेर आलेली: कड 9.1 मि.मी., बूड साडेआठच्या जरा वर. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) कितीही ओढा, सुटत नाही. मॅगझिन काढून, वरचं काडतूस पुढे ढकलून सोडवावं लागतं. म्हणून एकेक काडतूस मागे टेकवून भरायचं आणि भरल्यावर मॅगझिनचा पाठीमागचा भाग तळव्यावर हलका आपटायचा. लांबीला कमी काडतुसं असतील तर हा त्रास वाढतो. आणि .32 एसीपीचं काडतूस .32 लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कधीकधी शिरत असलं तरी ते घालू नये. दोन्ही काडतुसं खडकीच्या कारखान्याची मिळतात, पण पेट्या सारख्या दिसतात. खरेदी करताना पेटीवरचं नाव आणि एका काडतुसाची कड दोन्ही बघा.

पिस्तुलाला हात सतत सवयीत ठेवावा लागतो: सेफ्टी, स्लाइड, अडकलं तर काय. महिन्याला रेंजवर जाणार नसाल तर रिव्हॉल्व्हर घ्या. हे मत आहे, नियम नाही. पटलं नाही तर सोडून द्या.

आता होल्स्टर, कारण शस्त्रापेक्षा इथेच जास्त चुका होतात. नियमाप्रमाणे सार्वजनिक जागी हॅन्डगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच बांधणीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. पँटच्या मागच्या खिशात किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकून चालत नाही. होल्स्टर असं हवं की चापाचं कडं पूर्ण झाकलं जाईल आणि शस्त्र काढल्यावरही त्याचं तोंड उघडं राहील. तोंड मिटत असेल तर परत घालताना दुसरा हात लागतो. अपघाताने गोळी सुटते ती बहुतेक वेळा इथेच, परत घालताना, शर्टाचं टोक चापाच्या कड्यात शिरून. परत घालताना शर्ट डाव्या हाताने वर धरा, होल्स्टरमध्ये नजर टाका, घाई करू नका. आणि जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याला अडवणारा ब्लॉक नसेल तर घोड्याखालची खोबण रिकामीच ठेवा.

पट्टा दुहेरी कातड्याचा, दीड इंच रुंद, आडवा वाकवला तर न वाकणारा. पँट एक नंबर मोठी. उजव्या कमरेच्या मागे, घड्याळाच्या चारच्या जागी बरं पडतं, मात्र रिक्षात मागे टेकून बसलात की टोचतं, आणि खाली वाकल्यावर शर्टावर आकार उमटतो. दुकानात मालाचा खालचा ड्रॉवर काढताना वाकायचं नाही, गुडघे मोडून बसायचं. गर्दीच्या वेळी लोकलने जाऊ नका. ताबा ठेवणं त्या रेट्यात शक्यच नाही.

ठाण्याची खाडी आणि पावसाळा धरून देखभालही लिहितो. घाम थेट फ्रेमच्या अंगाकडच्या बाजूला आणि ग्रिपच्या स्क्रूला लागतो, पहिला गंज तिथे धरतो. रात्री कोरड्या कापडाने पुसून हलकं गन ऑइल लावा. चेंबर आणि काडतुसं मात्र कोरडी ठेवा. डब्ल्यूडी-40 सारखं झिरपणारं तेल प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या टोपीत) जाऊन काडतूस निकामी करतं. कातडी होल्स्टरमध्ये शस्त्र ठेवून कपाट बंद करू नका, कमावलेल्या कातड्यातली रसायनं आणि ओल मिळून डाग पाडतात. कपाटात निळी सिलिका जेल ठेवा, गुलाबी झाली की वाळवा. रोज कमरेला असलेली काडतुसं पितळेवर हिरवट डाग दिसले की सरावाला वापरून टाका.

आणि निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगतील तेव्हा: आधी साफ करून नळीत नीट तेल, मग ते कापडात गुंडाळून द्या. पावतीवर शस्त्राचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना तिथेच, टेबलावर, उघडून नळीत बघा. घरी आल्यावर गंजाची तक्रार केली तर ती कोणी नोंदवत नाही.

आत्ता पुढचं पाऊल एकच: पुस्तिकेच्या त्या दोन रकान्यांचा अर्ज आधी टाका. हातात दुरुस्त पुस्तिका आल्याशिवाय कुठल्याही दुकानात बयाणा देऊ नका. प्रबल आणि निर्भीक दोन्ही हातात घेऊन दहा वेळा चाप ओढल्यावर काय वाटलं ते इथे लिहा, मग होल्स्टरचं माप सांगतो.