एलिमिनेशनचं मुख्य उत्पादन ओळखायला सेट्झेफचा नियम पाठ केला तर पुरतो का? आणि ई-टू होणार की एसएन-टू, हे कसं ठरवायचं?

नाही पुरत. एलिमिनेशन म्हणजे रेणूतून हायड्रोजन आणि हॅलोजन निघून दुहेरी बंध, म्हणजे अल्कीन, तयार होणं; सेट्झेफ म्हणतो, ज्या अल्कीनच्या दुहेरी बंधाला जास्त कार्बन जोडलेले तेच मुख्य. हे एकाच पावलात झालं तर ई-टू; एका पावलात हॅलोजनच्या जागी दुसरा गट येऊन बसला तर एसएन-टू. त्या नियमाला न जुमानल्याबद्दल माझे चार मार्क गेलेत, आणि उत्तर माझंच बरोबर होतं.

बीएस्सीचं दुसरं वर्ष. ट्रान्स-१-ब्रोमो-२-मिथाइलसायक्लोहेक्झेन, सोडियम इथॉक्साइड, मुख्य उत्पादन लिहा. अख्ख्या वर्गाने सेट्झेफप्रमाणे १-मिथाइलसायक्लोहेक्झीन लिहिलं. मी ३-मिथाइल लिहिलं. भोपळा!

पेपर घेऊन सरांकडे गेलो. म्हटलं, ई-टूमध्ये ब्रोमीन आणि निघणारा हायड्रोजन एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला लागतात. वलयात म्हणजे एक सरळ वर, एक सरळ खाली. इथे मिथाइल ब्रोमीनच्या उलट बाजूला, म्हणजे त्या कार्बनवरचा हायड्रोजन ब्रोमीनच्याच बाजूला. तो कसा निघणार? उरला सहाव्या कार्बनवरचा. सर म्हणाले, "आता नियम तू ठरवणार का?" दुसऱ्या दिवशी मॉडेल जोडून नेलं. हातसुद्धा लावला नाही त्यांनी.

पुढे मेंथिल क्लोराइडचं उदाहरण वाचलं आणि एकटाच हसत बसलो. तिथेही हेच: इथॉक्साइडबरोबर फक्त २-मेंथीन मिळतं, सेट्झेफच्या अगदी उलट. क्लोरीनची बाजू बदलली की निओमेंथिल. ते सुमारे २०० पट वेगाने जातं आणि मुख्यतः ३-मेंथीन देतं. सेट्झेफने १८७५ साली मांडलं ते निरीक्षण होतं हो. ई-टूची यंत्रणा इंगोल्ड वगैरे मंडळींनी मांडली ती त्यानंतर पन्नासएक वर्षांनी. निरीक्षणाला कायदा समजणारे मास्तर मला आजही सहन होत नाहीत.

बेसही (हायड्रोजन ओढून काढणारा) खेळ उलटवतो. २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेनवर इथॉक्साइड टाकलं तर साधारण ७० टक्के सेट्झेफवालं अल्कीन; पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड टाकलं तर साधारण तेवढंच दुसरं. आडदांड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत पोचतच नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: प्रायमरी हॅलाइड (हॅलोजनवाल्या कार्बनला एकच कार्बन जोडलेला) आणि सुटसुटीत बेस असेल तर एसएन-टू, टर्शरी (तीन कार्बन जोडलेले) आणि तीव्र बेस असेल तर ई-टू. सेकंडरीत (दोन कार्बन) दोन्ही. २-ब्रोमोप्रोपेन आणि इथॉक्साइड घेतलं तर सुमारे ८० टक्के प्रोपीन, बाकी ईथर. तापवलं की पारडं आणखी एलिमिनेशनकडे झुकतं. सॉल्व्हंटचं राहिलंच, ते कुणीतरी दुसऱ्याने लिहा.

आणि हो, साध्या साखळीत, छोट्या बेसबरोबर सेट्झेफ बहुतेक वेळा बरोबरच येतो, कारण बंध हवा तसा फिरू शकतो. तेव्हा नियम टाकून देऊ नका. फक्त वलय दिसलं की आधी खुर्ची (वलयाचा खुर्चीसारखा आकार) काढा, ब्रोमीन अक्षावर, म्हणजे सरळ वर किंवा खाली, ठेवा आणि कोणता हायड्रोजन निघतो तो बाणाने दाखवा, म्हणजे तपासणाऱ्याला पळवाट राहत नाही. मी पेपरात नुसतं उत्तर लिहिलं होतं, खुर्ची काढली नव्हती, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी मॉडेल घेऊन गेलो होतो ना!