मॉनिटर व्हायला ‘नको’ म्हणणारी लेक

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक नववीत आहे, अभ्यासात पहिल्या पाचांत असते. वर्गशिक्षिकेने मॉनिटर हो म्हणून सांगितलं, तर मान खाली घालून “नको” म्हणाली. घरी तुम्ही खोदून विचारलंत तेव्हा एवढंच बोलली, “माझं कोण ऐकणार?” तुमची शाळा सातवीत सुटली, दोन ठिकाणी साफसफाईचं काम करून तुम्ही एकटीने घर चालवता. कुणीतरी सुचवलंय की तिला स्टेज डेअरिंगच्या क्लासला घाला, आणि हप्त्याने का होईना, ती फी भरायची तुमची तयारी आहे. “पोरगी अशीच बुजरी राहिली तर पुढे तिचं कसं व्हायचं?” हा तुमचा प्रश्न.

आधी ते पैसे जवळ ठेवा. क्लास वाईट म्हणून नव्हे, पण तिची अडचण तिथे सुटेल असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे : “फॉर्म वगैरे सगळं तीच भरते, धाकट्याला दवाखान्यात तीच नेते.” ताई, त्या ओळीपाशी मी थांबले. खिडकीपलीकडचा माणूस “हा कागद नाही, उद्या या” म्हणतो, तेव्हा “कोणता कागद, कुठे मिळेल, उद्या किती वाजता येऊ” हे विचारून येणारी मुलगी बुजरी कशी? धीर तिच्याकडे आहे. तो वर्गाच्या दारात गळून पडतो, आणि का गळतो तेच आपल्याला बघायचं आहे.

गरीब घरातल्या हुशार मुली वर्गात गप्प बसतात तो पुष्कळदा हिशेब असतो. उत्तर चुकलं तर हसतील, उच्चार वेगळा आला तर नक्कल करतील. गप्प बसलं तर कुणी वाटेला जात नाही. बाकीच्यांची चूक मधल्या सुट्टीपर्यंत विसरली जाते, हिची चूक आईच्या कामाला आणि राहत्या वस्तीला नेऊन चिकटवतात. “माझं कोण ऐकणार” हे तिने अनुभवावरून म्हटलंय. म्हणून “घाबरू नकोस गं” एवढ्यावर भागणार नाही. वर्गात तिला कुणी हसलं होतं का, कशावरून, हे सवडीने विचारा. तसं काही असेल तर शिक्षिकेच्या कानावर घाला. वर्ग सुधारायचं काम तुमच्या लेकीचं नाही, शाळेचं आहे.

माझी एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका मुलीला मी हट्टाने स्टेजवर उभं केलं. भीती एकदा मोडली की मोडली, असं तेव्हा वाटायचं. ती माईक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली, पहिलं वाक्य तीन वेळा म्हणाली आणि खाली उतरली. पुढे कित्येक दिवस ती माझ्या समोरून जायचं टाळायची. तिची तयारी नसताना मी तिला सगळ्यांत उंच पायरीवर चढवलं होतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की “हे मला जमेल” हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः केलेलं काम जमणं, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना बघणं, आपल्या माणसांनी दिलेला भरवसा, आणि त्या वेळी आपल्या अंगाची जी अवस्था असते तिचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यांत भक्कम पहिली. आपण मात्र बहुतेक वेळा तिसरीच धरतो, नुसतं “तू करशील” म्हणत राहतो.

म्हणून शिक्षिकेला भेटा आणि मॉनिटरपदाऐवजी दुसरं काम मागा. मॉनिटर हे तसं अवघडच पद, मैत्रिणींची नावं फळ्यावर लिहायची आणि वर त्यांच्याशी गोडीही ठेवायची. तिला असं काम हवं ज्यात हातात काहीतरी असेल आणि शेवटी काहीतरी झालेलं दिसेल. वर्गाच्या पुस्तकपेटीची वही सांभाळणं, प्रयोगशाळेतलं सामान मोजून देणं-घेणं, पाचवीतल्या दोन मुलांना रोज पंधरा मिनिटं वाचायला शिकवणं, यातलं कुठलंही चालेल. निदान तीन महिने तेच काम राहू द्या. त्यातले निर्णयही तिचेच असू देत : पुस्तक किती दिवसांसाठी द्यायचं, उशीर झाला तर काय करायचं. एखादं पुस्तक हरवेल, कुणी तिच्याशी वाद घालेल. त्या दिवशी शिक्षिकेने वही काढून घेतली तर सगळं मुसळ केरात. “आता काय करायचं ठरवलंस?” एवढंच तिला विचारावं. चुकूनही काम आपल्याकडेच राहतं, हा अनुभव परिस्थितीने गांजलेल्या मुलींना फार क्वचित मिळतो.

बोलण्याची सुरुवात कागदावरून होऊ दे. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुक्ता तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची असेल. ज्यांना बोलायची सोयच नव्हती त्यांच्यातली एक मुलगी आधी लिहिती झाली. तुमच्या लेकीलाही आठवड्यातून एकदा, जे खटकलं त्यावर दहा ओळी लिहू दे. आधी तुम्हाला वाचून दाखवू दे, मग एका मैत्रिणीला, मग कागद हातात धरूनच वर्गाला. छातीत धडधडलं तर तिला सांगा, बोलायची तयारी चालली की अंग असं करतंच. पाठ करून बोलायची सक्ती नको, चार शब्द विसरले की सगळंच विसरतं.

तुम्ही कौतुक करता तेही नेमकं करा. “माझी लेक हुशारच” यापेक्षा “त्या मुलाने पुस्तक परत दिलं नाही तेव्हा तू दोनदा जाऊन मागितलंस, ते चांगलं केलंस” हे तिच्या जास्त कामी येईल. हुशारीचा शिक्का बसला की मुलं अवघड कामाला हात लावायला कचरतात, शिक्का पुसला जाईल म्हणून.

आता थोडं तुमच्या घराबद्दल बोलते, रागावू नका. पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाचं प्रमुखपद जिथे दोन निवडणुकांत स्त्रीसाठी राखीव राहिलं, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षणातली दरी तर मिटलीच. आणि मुलींचा घरकामातला वेळ घटला. आपल्यासारखीच बाई निर्णय घेताना दिसली की मुलीच्या मनातलं चित्र बदलतं, आणि मोठ्यांच्याही. म्हणून दूरच्या नामवंत बायांपेक्षा तुमच्यासारख्याच घरातली, तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, शिकत असलेली किंवा नोकरीला लागलेली एखादी मुलगी शोधा. महिन्यातून एक तास दोघींना बोलू दे. आणि रोजचा एक तास लेकीचा स्वतःचा असू दे, ज्यात भांडी नाहीत, धाकटाही नाही. धाकटा आता झाडू धरण्याएवढा झाला असेल.

एका बाबतीत मला काळजी वाटते. घरची जबाबदारी उचलणाऱ्या मुलीला सगळे “शहाणी” म्हणतात आणि आणखी ओझं देतात. ते नेतृत्व नव्हे. माणसं जोडून काम वाटून देणं आणि गरज पडली तर “मला आज जमणार नाही” म्हणणं, हेही तिला यायला हवं.

पुढे ती नर्सिंगला जावो, हिशेबाच्या कामात जावो की इंजिनिअरिंगला, मुलाखतीत आणि नोकरीत तिच्या कामी येईल ती एक सवय : “मला हे कळलं नाही, परत सांगता का?” असं न लाजता विचारायची. खिडकीपाशी ती हे आत्ताच करते. ते वर्गात आणायला वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. दहावीनंतरच्या शाखेचं आपण त्यानंतर बोलू, आज त्याची घाई नाही.

आज रात्री तिला विचारा, “मॉनिटर नको, बरं. मग कुठलं काम दिलं तर आवडेल?” विचारून झालं की गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही, कदाचित दोन दिवसांनी येईल. कदाचित ती म्हणेल, मला खरंच मॉनिटर व्हायचं नाही, भीती म्हणून नाही, आवडत नाही म्हणून. तसं असेल तर तेही माना. उत्तर काहीही असो, पुढचं पत्र तिलाच लिहू दे. तिच्या नावाने आलेल्या पत्राला मी तिच्या नावानेच उत्तर देईन.