चामड्याचं पाकीट शिवताना चुकीच्या जागी भोक पडलं, तुकडा फेकून द्यायचा का?

अजिबात फेकू नका! आधी चामडं कुठलं ते बघा. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं, म्हणजे कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं असेल तर आरीचं (चामडं टोचायच्या टोकदार हत्याराचं) भोक बरंचसं मिटतं. ओला स्पंज अख्ख्या तुकड्यावर फिरवायचा (एकाच जागी पाणी लावलं तर डाग राहतो), मग चमच्याच्या पाठीने चारी बाजूंनी भोकाकडे दाबत आणायचं आणि सावलीत वाळू द्यायचं, नखाचे ओरखडेपण असेच फिके होतात. क्रोमच्या (क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेल्या) मऊ चामड्यावर हे फारसं चालत नाही. आणि पंचने पाडलेलं गोल भोक मिटतच नाही, कारण तिथलं चामडंच निघून गेलेलं असतं, रापीचा (चामडं कापायच्या सुरीचा) कटपण मिटत नाही, अशा ठिकाणी वरून एखादी पट्टी नाहीतर जास्तीचा खिसा शिवून टाका, छान दिसतं. विकणार असाल तर मात्र गिऱ्हाइकाला दोष आधी दाखवा, लपवू नका प्लीज.

माझ्या पहिल्या पाकिटावर डायचा (चामड्याच्या रंगाचा) थेंब सांडला होता, पुसत बसलो तर अजूनच पसरला, शेवटी सगळंच गडद तपकिरी करून टाकलं. ६ वर्षं झाली, अजून तेच खिशात आहे.