उपास की रुसवा?

प्रश्न : सिस्टर, माझी मुलगी 27 वर्षांची, मठात सिस्टर आहे. चार वर्षांपूर्वी तिची पहिली व्रतं झाली. यंदा अंतिम, म्हणजे कायमच्या व्रतांसाठी अर्ज केला, तर सुपिरिअर (मठाच्या प्रमुख) म्हणाल्या, ‘अजून मनाने पक्की नाहीस, वर्षभर थांब.’ वर समुपदेशकाकडे जायला सांगितलं. पहाटे सगळ्यांच्या आधी चॅपेलात गुडघे टेकणारी पोर ती, तिला समुपदेशक कशाला? फोनवर नुसती रडते. इकडे लोक विचारतात, व्रतांच्या सोहळ्याचा मांडव कधी? – एक आई, वसई

उत्तर : थांबवलं म्हणजे शिक्षा केली असं नाही हो. चर्चच्या कायद्यात पहिल्या, तात्पुरत्या व्रतांचा काळ तीन ते सहा वर्षांचा असतो, गरज पडली तर नऊपर्यंत वाढवता येतो. तुमच्या मुलीची तर चारच झालीत.

आता ते ‘सगळ्यांच्या आधी’. ज्युनिअर असताना, म्हणजे अंतिम व्रतांआधी, मी चॅपेलच्या पायऱ्या दोनदा झाडायची. दुसरी फेरी बरोबर सुपिरिअर खाली उतरायच्या वेळेला! एका शनिवारी त्या न बघताच निघून गेल्या. रात्री मी जेवले नाही, विचारलं तर म्हटलं, उपास आहे. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या सिस्टरनी सगळे झोपल्यावर मला हाक मारली, झाकलेलं ताट पुढे सरकवलं. भात आणि सुक्या बोंबलाची चटणी. म्हणाल्या, “उपास नाही गो हा, रुसवा आहे. जेव.” तेव्हा मी 24 वर्षांची होते. घरी बापाच्या भुवया वाचायची सवय, मठात आल्यावर सुपिरिअरच्या वाचत बसले. प्रार्थनेला कधी खाडा नव्हता, पण मन तिथेच अडकलेलं.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाची तसबीर तुमच्याकडे असेलच, गुलाब घेतलेली. (त्या गुलाबांमुळे बाई उगाच नाजूक वाटते.) लहानपणी ती जराशाने रडायची, आणि रडले म्हणून पुन्हा रडायची. 1886 च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साहून घरी आल्यावर वडील थकून पुटपुटले, नाताळाला मुलीच्या जोड्यांत (बुटांत) भेटी ठेवायचं हे शेवटचंच वर्ष, बरं झालं. जिन्यात तिच्या कानावर ते पडलं. डोळे भरले होते, ते तिने आवरले, खाली आली आणि हसत भेटी उघडल्या. तेव्हा चौदावं पुरं व्हायला आठवडाभर होता. पुढे पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली, आणि तिचीही व्रतं लांबणीवर पडली, जवळजवळ आठ महिने. ती 8 सप्टेंबर 1890 ला झाली. त्या काळात प्रार्थनेला बसली असताना तिच्या ध्यानात आलं, की व्रतांच्या या ओढीत स्वतःवरचं प्रेमही बरंच मिसळलंय. हे तिनेच लिहून ठेवलंय. मुलीला एवढं जरूर सांगा.

समुपदेशकाकडे जाण्याने श्रद्धा कमी होत नाही. दाढ दुखली तर रोझरी म्हणतो आणि डेंटिस्टकडेही जातोच ना? फक्त तिने स्वतःच्या मर्जीने जावं. तिथे बोललेलं तिच्या संमतीशिवाय सुपिरिअरकडे जाणार नाही, हे आधीच ठरवून घ्यावं. मनातलं उघड करायला वरिष्ठांनी कुणालाही भाग पाडू नये, हे चर्चच्या कायद्यातच आहे, कॅनन (कलम) 630.

आणखी एक, स्पष्टच लिहिते. ‘पक्की नाही’ हा शिक्का कधी कधी प्रश्न विचारणाऱ्या मुलीवरही मारला जातो. मी होताना पाहिलंय. म्हणून तिने नम्रपणे विचारावं : कोणत्या प्रसंगावरून असं वाटलं? दोन-तीन प्रसंग नेमके सांगता आले तर तिने नीट ऐकून घ्यावं. नाहीच सांगता आले, तर सुपिरिअरच्याही वरच्या प्रोव्हिन्शियलना भेटावं.

तुम्ही ‘घरी ये’ म्हणू नका आणि ‘सोस’ही म्हणू नका. रडू ओसरेपर्यंत फोन धरून बसा, मग विचारा, आज वाजलं कुणाशी? सुरुवातीला दर वेळी दुसरीचीच चूक निघेल. निघू दे.

मांडववाल्याला विसार दिला असेल, तर तो मात्र लगेच परत मागा. उशीर झाला की ते देत नाहीत.